समितीने दुसऱ्यांदा ‘थांबा’ म्हटलं, आता?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : वय ३६. हिशेबनिसाची चांगली चाललेली नोकरी सोडून ईश्वरविज्ञानाचं शिक्षण घेतलं, पदवी मिळवली. दोन वर्षांपासून मंडळीत (स्थानिक चर्चमध्ये) पाळकसाहेबांचे, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंचे, मदतनीस आहेत. महिन्यातून एकदा उपदेश, दर आठवड्याला रविवारची शाळा, शिवाय आजाऱ्यांच्या भेटी. पाळकीय दीक्षेसाठी, म्हणजे पाळक म्हणून अधिकृतपणे नेमलं जाण्यासाठी, निवड समितीपुढे दोनदा गेले. पहिल्यांदा ‘पाळकीय परिपक्वता वाढावी’ असा शेरा मिळाला, दुसऱ्यांदा ‘आणखी एक वर्ष थांबावं’. यांच्यापेक्षा कमी गुण असलेल्या वर्गमित्राला गेल्या वर्षी दीक्षा मिळाली. घर पत्नीच्या पगारावर चालतं, मुलगी लहान आहे, सासरे ‘आता पुरे झालं’ म्हणतात. ओळखीचे एक गृहस्थ स्वतंत्र मंडळी चालवतात. ‘पुढच्या महिन्यात या, आम्ही तुमच्यावर हात ठेवतो,’ म्हणजे दीक्षा देतो, असं त्यांनी कळवलंय. पत्रलेखक विचारतात : देवाने मला बोलावलंच नव्हतं, की तो माझी चिकाटी पारखतोय? थांबू, सोडून देऊ, की तिकडे जाऊ?

प्रिय बंधू,

तुमचं पत्र सावकाश वाचलं आणि मग पुन्हा वाचलं. देवाने बोलावलं नव्हतं की देव पारखतोय, या दोन्ही प्रश्नांत तुम्ही एकच गोष्ट धरून चालला आहात : समितीचा शेरा म्हणजे देवाचा निरोप. निरोप नकाराचा असेल तर सगळं संपलं, कसोटीचा असेल तर दातओठ खाऊन टिकायचं. पण तो शेरा माणसांनी लिहिलाय, एका टेबलाभोवती बसून. त्यांना तुमच्यात काहीतरी दिसलं, किंवा दिसायला हवं होतं ते दिसलं नाही. ते नेमकं काय, हे तुम्ही त्यांना विचारल्याचं पत्रात कुठेच नाही. तुम्ही त्यांना ओलांडून थेट वर बघताय, आणि वरून उत्तर येत नाही म्हणून झुरताय.

उमेदवारांच्या मुलाखती घेणाऱ्यांत मी काही वर्षं बसलो आहे, म्हणून हे थोडं खात्रीने सांगतो. ‘परिपक्वता वाढावी’ असं लिहिताना समितीपुढे बहुतेक वेळा एखादा ठरावीक प्रसंग असतो. उमेदवार उपदेश उत्तम करतो, पण शोक झालेल्या घरात गेला की त्याला गप्प बसवत नाही. वचनामागून वचन सांगत सुटतो. किंवा चूक दाखवली की लगेच खुलासा देतो. किंवा विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्याकडून दुसऱ्या घरी पोचली. कधी कर्जाची चिंता असते, कधी घरात बेबनाव आहे असं कानावर आलेलं असतं, कधी मंडळीतल्या कुणी तक्रार केलेली असते आणि ती उघड करायची नसते. हे सगळं तोंडावर सांगायला माणसं कचरतात. मग एक गुळगुळीत वाक्य लिहिलं जातं आणि उमेदवार वर्षभर त्याचा अर्थ लावत बसतो. समितीचं हे वागणं मला पटत नाही. ज्याला थांबवायचं, त्याला कारण स्पष्ट सांगणं हीसुद्धा पाळकीय जबाबदारीच आहे. पण ते सांगत नसतील तर विचारण्याचं काम तुम्हाला करावं लागेल.

समितीतल्या एका व्यक्तीची वेळ मागा. सगळ्यांची नको, एकाचीच, जिच्या शब्दावर तुमचा विश्वास बसेल अशी. दोन प्रश्न विचारा. माझ्या कोणत्या वागण्यावरून तुम्हाला असं वाटलं? आणि पुढच्या वर्षी माझ्यात काय दिसलं तर तुम्ही निःशंकपणे होकार द्याल? उत्तर लिहून घ्या. त्या बैठकीत स्वतःची बाजू मांडू नका. बाजू खरी असली तरी नको. खुलासे देण्याबद्दलच त्यांची कुरकुर असेल, तर तुमचा पहिलाच खुलासा त्यांना खरं ठरवेल. घरी आल्यावर ते टिपण पत्नीला वाचून दाखवा आणि ‘हे माझ्यात आहे का?’ एवढंच विचारा.

कधीकधी उत्तर अगदी साधं निघतं. नेमायला रिकामी मंडळीच नसते, किंवा दीक्षा दिली तर वेतन कुठून द्यायचं हे ठरलेलं नसतं. अनेक संप्रदायांत उमेदवार कितीही लायक असला तरी मंडळी ठरल्याशिवाय दीक्षा देत नाहीत. तुमच्या बाबतीत तसं असेल, तर वर्षभर तुम्ही ज्या ओझ्याखाली वाकलात ते तुमचं नव्हतंच.

आणि वाट पाहणं या मार्गातच आहे, तुमच्यापुरतं नाही. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये चौकशी आणि उमेदवारी असे दोन टप्पे मिळून निदान दोन वर्षं जातात, आणि त्यावर परीक्षा असतात. युनायटेड मेथडिस्टांत पूर्ण दीक्षेआधी निदान दोन वर्षं तात्पुरत्या सभासदत्वाची. अँग्लिकन मंडळींत आधी डीकन (पाळकाच्या खालचं पद) म्हणून दीक्षा होते आणि बहुधा वर्षभर त्या पदावर काम केल्यावर प्रेस्बिटर, म्हणजे पूर्ण पाळक, म्हणून. प्रेषित पौलानेही तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात बजावलंय की घाईने कुणावर हात ठेवू नकोस, आणि अध्यक्ष (मंडळीची देखरेख करणारा) नवशिका नसावा. मात्र त्याच पत्रात तो असंही म्हणतो की जो या कामाची आकांक्षा धरतो तो चांगल्या कामाची इच्छा धरतो. म्हणून दीक्षेची ओढ वाटते याची लाज बाळगू नका. तुमच्या पत्रात ती लाज मला जागोजागी दिसली. पद हवंसं वाटणं म्हणजे अहंकार, असं कुणीतरी तुमच्या मनावर बिंबवलेलं आहे. प्रभुभोजन देण्याची, बाप्तिस्मा देण्याची, एखाद्या कळपाची जबाबदारी पूर्णपणे अंगावर घेण्याची इच्छा तुमच्या मनात आहे, आणि ती चांगली आहे.

आता पत्रातल्या एका वाक्याकडे येतो. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, पण माझं मन तिथेच अडकलं. मंडळीतल्या एका वृद्ध गृहस्थांची उजवी बाजू पक्षाघाताने गेली आहे, दर गुरुवारी तुम्ही त्यांच्याकडे जायचात, एक स्तोत्र वाचायचात, मग ते डाव्या हाताने तुमचा हात धरून प्रार्थना करायचे. आणि पुढे लिहिलंत : ‘दुसऱ्या नकारानंतर मी भेटी थांबवल्या. म्हटलं, आधी यांचा निर्णय होऊ दे.’

या एका वाक्यासाठी मी तुम्हाला कठोर बोलणार नाही, कारण दुखावलेला माणूस हात आखडता घेतो हे मला कळतं. पण नीट बघा, इथे काय झालंय. गुरुवारच्या त्या भेटीला समितीची परवानगी लागत नव्हती. त्या गृहस्थांनी तुमच्याकडे दीक्षेचं प्रमाणपत्र मागितलं नव्हतं. पाळकाच्या कामातला अगदी गाभ्याचा भाग तुम्ही कुणीही न सांगता, पगाराशिवाय करत होता, आणि नकार आल्यावर सगळ्यात आधी तोच बंद केलात. उपदेश चालू ठेवलात. रविवारची शाळा चालू ठेवलीत. बंद केलंत ते, जे कुणाला दिसत नव्हतं.

चिकाटीबद्दल मला जे सांगायचंय ते सगळं इथेच आहे. तुम्ही चिकाटी धरलीत ती दीक्षेच्या तारखेची. समितीपुढे तिसऱ्यांदा उभं राहायचं की नाही, यावर तुमची सारी ताकद लागली आहे. पण ज्या चिकाटीची पाळकाला आयुष्यभर गरज पडते ती माणसांची असते : जी व्यक्ती बरी होणार नाही तिच्याकडे पुन्हा जाण्याची, मंडळीच्या कारभारातला जो वडील (एल्डर) प्रत्येक बैठकीत विरोध करतो त्याच्याशी पुन्हा बोलण्याची, ज्या तरुणाने दहादा शब्द मोडला त्याला अकराव्यांदा दार उघडण्याची. तारखेची चिकाटी दीक्षेच्या दिवशी संपते. दुसरी चिकाटी त्या दिवसाआधीच अंगात असावी लागते, कारण दीक्षेने ती येत नाही. मला तर शंका येते, समितीला जे दिसलं नाही ते हेच असावं. ही माझी शंका आहे; खरं काय ते त्यांना विचारूनच कळेल.

जॉन न्यूटनची हकीगत तुम्ही ऐकली असेल, पण त्यातला एक भाग बहुधा सांगितला जात नाही. गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांचा हा कप्तान १७५४ मध्ये समुद्र सोडून पुढच्या वर्षी लिव्हरपूलला जकात खात्यात लागला. पाचारणाची, म्हणजे देवाने सेवेला बोलावल्याची, खात्री झाल्यावर १७५८ मध्ये त्याने दीक्षेसाठी अर्ज केला. नकार आला. विद्यापीठाची पदवी नव्हती आणि मेथडिस्टांशी ऊठबस होती, हे बिशपांना खुपत होतं. त्याला दीक्षा मिळाली ती १७६४ मध्ये, ऑल्नी या लहानशा गावाच्या मंडळीसाठी. मधल्या काळात तो दिवसा जकातीची नोकरी करायचा. ग्रीक आणि हिब्रू त्याने स्वतःच्या कष्टाने शिकली. घरी लोकांना जमवून शास्त्र शिकवलं. दुसऱ्या पंथांच्या मंडळींकडे जावं असंही त्याला वाटून गेलं, म्हणजे तुमचा आजचा मोह त्यालाही होता. शेवटी दार उघडलं ते त्याने स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिलेल्या पत्रांमुळे. ती पत्रं हातोहात फिरत एका उमरावाच्या वाचनात आली आणि त्याने शब्द टाकला.

ही हकीगत ‘थांबा, तुमचंही होईल’ असं सांगायला मी आणलेली नाही. तसं वचन देणं माझ्या हातात नाही, आणि जे थांबले पण ज्यांना दीक्षा कधीच मिळाली नाही त्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही. मला त्यातल्या मधल्या वर्षांकडे बोट दाखवायचंय. घरी येणाऱ्या लोकांना तो शिकवत होता, ते समितीला दाखवण्यासाठी नव्हतं. १७६४ साल उगवलं नसतं तरी त्या लोकांना जे मिळालं ते मिळालेलंच होतं. तुम्ही गेली दोन वर्षं केलेलं काम, दीक्षा मिळाली नाही तर वाया गेलं असं तुम्ही पत्रात म्हणता. रविवारच्या शाळेतल्या मुलांना विचारून बघा, त्यांचं काय वाया गेलं.

उलट उदाहरणही आहे. चार्ल्स सिमियनला फार वाट बघावी लागली नाही. विद्यापीठातून बाहेर पडत असतानाच, १७८२ मध्ये, केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चची जबाबदारी त्याच्याकडे आली. पण मंडळीला तो नको होता. लोकांनी आपापल्या बाकांच्या दारांना कुलपं लावली आणि स्वतः आले नाहीत. जे ऐकायला आले त्यांना मधल्या वाटेत उभं राहावं लागलं. त्याने स्वतःच्या खर्चाने बसायला आसनं ठेवली तर तीही बाहेर फेकली गेली. हे वर्षानुवर्षं चाललं. सिमियन तिथे १८३६ मध्ये मरेपर्यंत राहिला, म्हणजे ५४ वर्षं. तुम्हाला आज वाटतंय की नकाराचा काळ दीक्षेआधी असतो आणि एकदा हात ठेवले गेले की स्वीकार सुरू होतो. तुमच्या त्या वर्गमित्राला गाठून एकदा मोकळेपणाने विचारा, पहिलं वर्ष कसं गेलं. त्याच्याशी तुलना करत बसण्यापेक्षा हे विचारणं दोघांच्याही उपयोगाचं आहे. नवदीक्षित पाळकाला बोलायला माणूस मिळत नाही. गुणांचा विषय मात्र मनातून काढून टाका. हिब्रूच्या पेपरातल्या गुणांवरून कुणी शोकाकुल घरात कसा वागेल हे कळत नाही, आणि समित्यांना हे माहीत असतं.

पुढच्या महिन्यातल्या आमंत्रणाबद्दल. स्वतंत्र मंडळींना मी कमी लेखत नाही. बॅप्टिस्ट परंपरेत तर पाचारण आणि दीक्षा स्थानिक मंडळीच करते, आणि त्यातून मोठे सेवक घडले आहेत. संप्रदाय बदलणं हाही गुन्हा नव्हे. शिकवणुकीबद्दलची तुमची खात्री खरोखर बदलली असेल, तर प्रामाणिकपणे बदला, तुमच्या पाळकसाहेबांना सांगून बदला. पण तुमच्या पत्रात त्या मंडळीबद्दल, तिथल्या लोकांबद्दल, तिथल्या उपासनेबद्दल, त्यांच्या विश्वासाबद्दल एक शब्दही नाही. आहे ती फक्त तारीख.

इ. स. ४५१ मध्ये कॅल्सेडनच्या धर्मसभेने एक नियम केला : ज्याला कोणतीही विशिष्ट मंडळी नेमून दिलेली नाही अशा कुणालाही दीक्षा देऊ नये, दिली तर ती चालणार नाही. एवढ्या जुन्या काळीही असे प्रसंग घडत असणार, नाहीतर नियम करावा लागला नसता. मागचा विचार आजही लागू आहे. दीक्षा माणसाला मिळते ती कुणासाठी तरी. म्हणून त्या गृहस्थांना एवढंच विचारा : तुम्ही माझ्यावर हात ठेवाल तो कोणत्या लोकांसाठी? त्या लोकांनी मला पाहिलंय का, ऐकलंय का, मला मागितलंय का? चूक झाली तर मला जाब कोण विचारेल? मी आजारी पडलो, मला एखाद्याची तक्रार सहन होईना, तर माझा पाळक कोण? याची उत्तरं सरळ आणि पटण्याजोगी आली तर पुढे बोला, पण तरीही महिनाभरात नको. उत्तरं ‘प्रभू बघून घेईल’ अशी आली, तर त्यांचे आभार माना आणि मागे फिरा. अंत्युखियाच्या मंडळीने पौल आणि बर्णबाला वेगळं केलं तेव्हा आत्मा बोलला तो उपासना आणि उपवास करत असलेल्या मंडळीशी. पौलाला दमास्कसच्या वाटेवर त्याआधी कित्येक वर्षं बोलावणं आलेलं होतं, तरी पाठवणं मंडळीच्या हातून झालं. पाचारण तुम्हाला एकट्याला ऐकू आलं असेल, पण ते तुमच्या एकट्याच्या मालकीचं नाही.

समित्या चुकतात हेही म्हणायला हवं, विशेषतः इतर वाचकांसाठी, कारण या सदराकडे अशी पत्रं बायकांकडूनही येतात आणि त्यांचा नकार वेगळ्या जातीचा असतो. परिपक्वता, अभ्यास, साक्ष यांत काही खोट नसताना केवळ स्त्री म्हणून दार बंद असतं. ली टिम-ओई ही अँग्लिकन परंपरेत पूर्ण पाळक म्हणून दीक्षा मिळालेली पहिली स्त्री. दुसऱ्या महायुद्धामुळे मकाऊच्या मंडळीला प्रभुभोजन द्यायला कुणी पाळक पोचू शकत नव्हता, आणि ती तिथे डीकन म्हणून काम करत होतीच. म्हणून २५ जानेवारी १९४४ रोजी बिशप रोनाल्ड हॉल यांनी तिला दीक्षा दिली. युद्ध संपल्यावर वादळ उठलं. बिशपांवरचं दडपण कमी व्हावं म्हणून १९४६ मध्ये तिने पाळक म्हणून काम करण्याचा परवाना परत केला. दीक्षा मात्र तिने टाकून दिली नाही. १९७१ मध्ये हाँगकाँगमध्ये तिच्या दीक्षेला पुन्हा मान्यता मिळाली. ज्यांचा नकार अन्यायाचा आहे त्यांनी तो देवाची कसोटी म्हणून मुकाट गिळावा असं मी म्हणणार नाही. अन्यायाला अन्याय म्हणायचं, संप्रदायाच्या सभांत प्रश्न लावून धरायचा, आणि जिथे दार उघडं आहे अशा संप्रदायाचा विचार करायलाही कचरायचं नाही. तुमचा नकार, बंधू, मला तरी या प्रकारचा वाटत नाही.

आता घराबद्दल. तुमच्या पत्रात पत्नीचा उल्लेख तीनदा येतो आणि तिन्ही वेळा ती ‘साथ देते’. शेवटी तुम्ही लिहिता, ‘ती काही बोलत नाही, म्हणजे तिचीही तयारी आहे.’ न बोलण्याचे अर्थ पुष्कळ असतात. दिवसभर नोकरी, संध्याकाळी मुलगी, रविवारी मंडळीत हसतमुखाने उभं राहणं, आणि वर्षातून एकदा तुमच्या नकाराचं दुःख सांभाळणं, हे करणारी व्यक्ती गप्प असेल तर कदाचित बोलायचं त्राण उरलं नसेल. तुमच्या विश्वासाच्या चिकाटीचा बराच खर्च तिच्या खात्यातून होतोय. तिला ‘तुझी तयारी आहे ना?’ असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर ठरलेलं आहे. ‘पुढचं वर्ष कसं असावं असं तुला वाटतं?’ असं विचारा, आणि उत्तर तुम्हाला नको असलेलं आलं तरी त्यावर शास्त्रवचन सांगू नका. बऱ्याच ठिकाणी समिती जोडीदाराशीही बोलते. तिथे तिने पाठ केलेलं उत्तर देऊ नये असं मला वाटतं.

सासऱ्यांचं ‘पुरे झालं’ हेही शत्रूचं बोलणं समजू नका. त्यांना मुलीची आणि नातीची काळजी आहे, आणि त्यांना तुम्ही एकही आकडा सांगितलेला नसणार. मेथडिस्ट परंपरेत दीक्षेच्या उमेदवाराला विचारायच्या जुन्या प्रश्नांत एक असा आहे : कामात अडचण येईल इतकं कर्ज तुमच्यावर आहे का? प्रार्थना आणि शिकवणूक यांच्याच रांगेत हा प्रश्न उभा आहे, हे मला फार योग्य वाटतं. तुम्ही हिशेबनीस होता. वर्षभराचा जमाखर्च मांडा, कर्ज असेल तर लिहा, आणि अर्धवेळ हिशेबाचं काम पुन्हा घ्या. सेवेसाठी सोडलेल्या नोकरीकडे परत गेलो तर विश्वास डळमळला असं होईल, ही भीती तुमच्या पत्रात आहे. पौल तंबू शिवायचा. न्यूटन जकात गोळा करायचा. कमाईने पाचारण बाटत नाही, आणि घरातला ताण हलका झाला की तुम्हीही समितीपुढे वेगळे दिसाल.

मग थांबायचं किती? माझं मत विचाराल तर, तिसऱ्यांदा जा, पण समितीने जे मागितलंय ते हाती आल्यावर आणि त्यावर प्रत्यक्ष काम केल्यावर. आणि त्यानंतरचा टप्पा पत्नीबरोबर बसून आजच ठरवा, तारखेसह. तिसऱ्यांदाही नकार आला, तर दीक्षेचा अर्ज बाजूला ठेवायचा आणि दीक्षेविना सेवा कोणत्या रूपात करायची ते बघायचं : शिक्षक म्हणून, रुग्णालयातल्या भेटींचं काम म्हणून, तरुणांच्या कामात, किंवा नोकरी करत मंडळीचे वडील (एल्डर) म्हणून. मुदत घालणं म्हणजे अविश्वास नव्हे. बेमुदत थांबणारा माणूस हळूहळू कडवट होतो, आणि कडवट माणसाच्या हाती कळप देऊ नये. वयाची ३६ वर्षं ही या कामासाठी उशिराची नाहीत, एवढंही सांगून ठेवतो.

समितीचं उत्तर ‘माणसांशी वागणं’ या दिशेचं आलं, तर एक मार्ग जरूर शोधा : देखरेखीखालचं रुग्णालयातलं पाळकीय प्रशिक्षण. १९२५ मध्ये अँटन बॉयसन या पाळकाने मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथल्या मनोरुग्णालयात ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आणून रुग्णांमध्ये कामाला लावलं, तिथून हे रुजलं. बॉयसन स्वतः त्याआधी मनोरुग्ण म्हणून दाखल झालेला होता. पुस्तकांत सापडत नाही ते तो ‘जिवंत माणसांत’ वाचायला शिकवत होता. अमेरिकेतल्या प्रमाणित अभ्यासक्रमात आज एका टप्प्याला ४०० तास लागतात. त्यातला सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयोगी भाग म्हणजे भेटीचं शब्दशः टिपण. रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणालो, तो गप्प झाला तेव्हा मी काय केलं, हे जसंच्या तसं लिहायचं आणि मार्गदर्शकापुढे वाचायचं. असं प्रशिक्षण तुमच्या आवाक्यात नसेल, तरी हे टिपण तुम्ही घरी करू शकता. महिन्याला दोन भेटी लिहा आणि अनुभवी पाळकाला दाखवा. तुमच्याच पाळकसाहेबांना नको, त्यांचं मत समितीत जाणार आहे आणि त्यांच्यापुढे तुम्ही मोकळे होणार नाही. चार-सहा टिपणं झाली की तुमचं तुम्हालाच दिसायला लागेल : कुठे घाई केलीत, कुठे समोरच्याचं दुःख ऐकवेना म्हणून प्रार्थना सुरू केलीत.

हे झालं सावकाशीचं. या आठवड्यात मात्र तीन गोष्टी करा. स्वतंत्र मंडळीच्या त्या गृहस्थांना नम्रपणे कळवा की पुढच्या महिन्यात नाही. वर लिहिलेले प्रश्नही त्याच पत्रात विचारा. समितीतल्या एका सदस्याला फोन करून वेळ घ्या. आणि गुरुवारी त्या वृद्ध गृहस्थांकडे जा. इतके दिवस का आलो नाही याचं कारण त्यांना खरं सांगा, लांबण न लावता. ते काही बोलले तर ऐकून घ्या, आणि त्या दिवशी स्तोत्र कोणतं वाचायचं ते त्यांनाच ठरवू द्या.